मार्कोनी: आयुष्यभर पॉवर वाढवणारा माणूस, दौंडचा बीम आणि तुमच्या धंद्याचा ॲक्सेस पॉइंट

श्रीगोंदा तालुक्यात माझ्या मामांचं मंगल कार्यालय आहे. गेल्या लग्नसराईत तिथल्या एका लग्नात नवरीचा भाऊ दुबईत अडकला होता. सुट्टी मिळाली नाही म्हणून तो व्हिडिओ कॉलवर बसून होता. मामांनी त्या सीझनसाठी मुद्दाम नवा राउटर आणला होता, सहा अँटेनांचा, उलटा पडलेल्या कोळ्यासारखा दिसणारा. सगळ्यांच्या फोनवर वाय-फायचे पट्टे फुल्ल. आणि नेमक्या मंगलाष्टका सुरू झाल्या तेव्हा कॉल अडकला. स्क्रीनवर गोल फिरत राहिलं. बहिणीच्या डोक्यावर पडलेल्या अक्षता भावाला दिसल्याच नाहीत. नवरीच्या वडिलांनी बिलातले पैसे कापले, वर चार माणसांत बोलले ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी एका दुकानदारानं मामांना मोठ्या कंपन्यांत लावतात तसला ॲक्सेस पॉइंट सुचवला. आणखी पॉवरचा आणि दहापट किमतीचा. मामांनी मला फोन करून विचारलं, घेऊ का? मी त्यांना थांबा म्हणालो आणि मार्कोनीची गोष्ट सांगितली. तीच इथं लिहितोय, कारण हा प्रश्न मामांच्याही आधी त्या माणसाला पडला होता आणि उत्तर सापडायला त्याची वीसेक वर्षं गेली होती.

या गोष्टीचा आपल्या भागाशीही संबंध आहे. मनमाडहून येणारी रेल्वे नगर, विसापूर, काष्टी करत भीमेचा पूल ओलांडते आणि दौंडला पोचते. पुलाच्या अलीकडं आपला जिल्हा, पलीकडं पुणे जिल्हा. त्या दौंडला १९२७ साली मार्कोनीच्या पद्धतीचं वायरलेस केंद्र सुरू झालं. इंग्लंडहून निघालेले संदेश तिथल्या अँटेनावर उतरायचे.

बाबांची जमीन, पोराची तार

गुलिएल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्या शहरातला. वडील जमीनदार. आई ॲनी आयर्लंडची, जेमसन व्हिस्कीवाल्या घराण्यातली. पोरगं शाळेत फारसं रमलं नाही आणि विद्यापीठात रीतसर प्रवेशही मिळाला नाही. पण शेजारी राहणारे प्राध्यापक रिगी यांनी त्याला व्याख्यानांना बसू दिलं. १८९४ मध्ये हाइनरिश हर्ट्झ वारला. रेडिओ लहरी असतात हे प्रयोगानं दाखवणारा हाच तो हर्ट्झ, ज्याचं नाव आपण गिगाहर्ट्झमध्ये रोज घेतो. त्याच्यावरचा लेख वाचून विशीतल्या मार्कोनीला वाटलं, की या लहरींवरून तारेशिवाय संदेश पाठवता येईल.

त्यानं घराच्या माळ्यावर प्रयोग सुरू केले. ठिणगी पाडणारं यंत्र एकीकडं, लोखंडाच्या किसाची काचनळी दुसरीकडं. सुरुवातीला खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला जाईल एवढीच रेंज. मग १८९५ च्या उन्हाळ्यात त्यानं एक साधी गोष्ट करून पाहिली. यंत्राचं एक टोक उंच टांगलं आणि दुसरं जमिनीत पुरलं. रेंज एकदम वाढली. भाऊ अल्फोन्सो रिसीव्हर घेऊन टेकडीच्या पलीकडं गेला. सिग्नल मिळाला तर बंदुकीचा बार काढायचा असं ठरलं होतं. बार ऐकू आला, तो साधारण दोन किलोमीटरवरून.

इथं थोडं थांबतो, कारण पहिली चूक इथंच होते. मार्कोनीनं त्या दिवशी नुसती ठिणगी मोठी केली नव्हती, अँटेनाची जागा बदलली होती. आपल्याकडं राउटर कुठं असतो? गल्ल्याखाली, फ्रिजमागं, लोखंडी कपाटावर वायरींच्या गुंत्यात, नाहीतर देवघराच्या बाजूला, कारण बोर्ड तिथं आहे. नवीन काहीही विकत घ्यायच्या आधी तो उघड्यावर, उंचावर, गिऱ्हाईक बसतं त्या बाजूला हलवा. निम्म्या छोट्या दुकानांचा प्रश्न एवढ्यावर मिटतो, आणि त्याला पाचशे रुपयांची केबल पुरते.

त्याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनीही बिनतारी लहरींचे प्रयोग लोकांसमोर करून दाखवले होते. भिंतीपलीकडं घंटा वाजवली, दारू पेटवली. त्यांच्या लहरी फक्त काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. त्यांना विज्ञानात रस होता, धंद्यात नव्हता. मार्कोनीचं गणित उलटं होतं, आणि हे लक्षात ठेवायला हवं. तो शास्त्रज्ञ होता त्यापेक्षा जास्त उद्योजक होता. इतरांनी शोधलेले तुकडे जोडून चालणारी वस्तू बनवणं आणि ती विकणं, हे त्याला जमलं.

लंडन, पेटंट आणि भाड्याची मशिनं

१८९६ मध्ये आई त्याला घेऊन लंडनला गेली. कस्टमवाल्यांनी सामान तपासताना त्याचं यंत्र मोडलं, ते परत जुळवावं लागलं. आईकडच्या नात्यातून ओळखी निघाल्या, पोस्ट खात्याचे मुख्य इंजिनियर विल्यम प्रीस यांनी पाठिंबा दिला, आणि जूनमध्ये पेटंटचा अर्ज गेला. पुढच्या वर्षी कंपनी उभी राहिली. १८९९ मध्ये इंग्लिश खाडीपलीकडं फ्रान्सशी संदेशांची देवाणघेवाण झाली. वय वर्षं २४.

या यशातच एक अडचण होती. दोन केंद्रं एकाच वेळी बोलली की दोघांचाही कालवा व्हायचा. म्हणून १९०० मध्ये मार्कोनीनं ७७७७ या नंबरचं प्रसिद्ध पेटंट घेतलं, ट्यूनिंगचं. म्हणजे प्रत्येकानं आपापल्या लहरीवर बोलायचं. आज वाय-फायच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६, ११ दिसतात ना, त्यामागची कल्पना हीच. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न येणारे हे तीनच चॅनल. नगरच्या कापड बाजारात भिंतीला भिंत लागून दुकानं आहेत. तिथं फोनवर वाय-फायची यादी उघडली तर किती नावं येतात ते एकदा बघा. एवढी नावं आणि जागा तिघांची. तिथं २.४ वर कितीही महाग मशीन लावलं तरी ते शेजाऱ्यांच्या गर्दीतच ओरडणार. ५ गिगाहर्ट्झवर चॅनल बरेच जास्त आहेत, आणि त्या लहरी भिंतीतून कमी जातात हा इथं तोटा नसून फायदा आहे. शेजाऱ्याचं वाय-फाय त्याच्या दुकानात राहतं.

ट्यूनिंग आलं म्हणजे आता कोणी मध्ये घुसू शकत नाही, असा मार्कोनीचा दावा होता. १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचं जाहीर प्रात्यक्षिक ठेवलं होतं. प्राध्यापक फ्लेमिंग बोलत होते, आणि संदेश यायच्या आधीच यंत्र भलतंच काहीतरी टकटकवायला लागलं. शिव्या आणि मार्कोनीची टिंगल करणारी कविता, मोर्समध्ये. नेव्हिल मास्केलिन नावाचा एक जादूगार जवळच आपला ट्रान्समीटर घेऊन बसला होता, आणि त्याच्यामागं समुद्री केबलवाली कंपनी होती. हॅकिंगचा हा बहुधा सर्वात जुना किस्सा. वेगळा चॅनल म्हणजे कुलूप नव्हे, हे त्या दिवशी भर सभेत कळलं. शनिशिंगणापूरला घरांना दारं-कुलपं नसतात हे ठीक आहे, पण तिथल्या लॉजच्या वाय-फायला मात्र पासवर्ड लागतो. शिवाय गिऱ्हाइकांचं गेस्ट नेटवर्क वेगळं आणि बिलिंगचा कॉम्प्युटर, सीसीटीव्ही, कार्ड मशीन यांचं वेगळं. ही सोय नसलेलं मशीन धंद्यासाठी घेऊच नका, कितीही स्वस्त असलं तरी.

मार्कोनीच्या धंद्याचा आणखी एक डाव आजही जसाच्या तसा चालू आहे. त्याची कंपनी जहाजांना यंत्रं बहुतेक विकायची नाही, भाड्यानं द्यायची, सोबत ऑपरेटरही आपलाच. आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचं नाही, हा नियम. यावरून जर्मनीशी इतकं बिनसलं, की १९०३ आणि १९०६ मध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय परिषदा भराव्या लागल्या. मोठ्या कंपन्यांसाठीचे काही ॲक्सेस पॉइंट आज वार्षिक लायसन्सवर मिळतात. लायसन्स संपलं की काहींची सेटिंग बदलता येत नाहीत, काही तर चालायचेच बंद होतात. मोठ्या कारखान्याला हे परवडतं, कारण त्या पैशात रात्री दोनला फोन उचलणारा माणूस मिळतो. मंगल कार्यालयाला ते कशाला हवं?

एकतर्फी आवाज

आता खऱ्या मुद्द्यावर येतो.

१९०१ मध्ये मार्कोनीनं अटलांटिक ओलांडायचा प्रयत्न केला. इंग्लंडच्या टोकाला पोल्डू इथं आजवरचा सर्वात ताकदवान ट्रान्समीटर बांधला. वीस खांबांचा अँटेना सप्टेंबरच्या वादळात आडवा झाला, मग घाईनं दुसरा छोटा उभा केला. स्वतः तो कॅनडाच्या बाजूला न्यूफाउंडलंडला गेला. सिग्नल हिल नावाच्या टेकडीवर थंडी, वारा, फुगा उडून गेला, पहिला पतंगही गेला. शेवटी दुसऱ्या पतंगाला तार बांधून, कानाला इअरपीस लावून तो बसला. १२ डिसेंबरला दुपारी त्याला तीन टिंबं ऐकू आली, मोर्समधलं एस हे अक्षर. अंतर साधारण ३४०० किलोमीटर. सोबतच्या केंपच्या हातातही त्यानं इअरपीस दिला. साक्षीदार एवढाच.

त्यानं खरंच ऐकलं का, यावर अजून वाद आहे. दिवसाउजेडी त्या लहरी इतक्या लांब जाणं अवघड होतं, आणि दोन महिन्यांनी त्यानंच ते मोजलं. फिलाडेल्फिया जहाजावर बसून पोल्डूचे संदेश घेत गेला, तर दिवसा साधारण ११०० किलोमीटरवर आवाज संपला, रात्री मात्र २५०० पर्यंत नीट संदेश आले. पण मला वादापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. सिग्नल हिलवर मार्कोनी फक्त ऐकत होता. त्याच्याकडं उत्तर द्यायला यंत्रच नव्हतं. पोल्डू ओरडत होतं आणि पतंगाखाली बसलेला माणूस गप्प होता. याला संवाद म्हणत नाहीत.

तुमच्या फोनवरचे पट्टे हे सिग्नल हिलवरचं इअरपीस आहे. राउटरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठा येतो, एवढंच ते दाखवतात. तुमचा आवाज राउटरपर्यंत पोचतोय का, ते दाखवतच नाहीत. राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, त्याला जोरात बोलता येतं. फोन बारक्या बॅटरीवर चालतो आणि त्याचा ट्रान्समीटर दुबळा असतो. मांडवात भोंगा लावला तर शेवटच्या रांगेलाही ऐकू येतं, पण शेवटच्या रांगेतला माणूस उत्तर देईल ते स्टेजवर थोडंच ऐकू येणार? मामांच्या कार्यालयात हेच झालं होतं. पट्टे फुल्ल, पण फोनचं उत्तर जात नाही. त्यावर आणखी मोठा भोंगा आणायचा सल्ला दुकानदारानं दिला होता.

टायटॅनिकवरची गर्दी

मार्कोनीला १९०९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, जर्मनीच्या ब्राउनसोबत विभागून. तीन वर्षांनी त्याचं नाव घराघरात पोचलं ते एका अपघातामुळं.

टायटॅनिकवरचे दोन्ही ऑपरेटर, फिलिप्स आणि ब्राइड, मार्कोनी कंपनीचे नोकर होते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री फिलिप्स प्रवाशांच्या खासगी तारा केप रेसच्या केंद्राकडं पाठवण्यात गुंतला होता. ढीगच साचला होता. तेवढ्यात जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाच्या ऑपरेटरनं बर्फ असल्याचं कळवलं. ते जहाज इतकं जवळ होतं, की त्याच्या आवाजानं कानठळ्या बसल्या आणि लांबचं केप रेस ऐकू येईना. फिलिप्सनं त्याला चिडून गप्प केलं. त्या ऑपरेटरनं थोड्या वेळानं यंत्र बंद केलं आणि तो झोपला. रात्री ११.४० ला टायटॅनिक हिमनगावर आदळलं. मदतीची हाक लांबच्या कार्पेथियानं ऐकली म्हणून सातशेवर माणसं वाचली. पंधराशेच्या आसपास बुडाली.

दोषाची चर्चा शंभर वर्षं चालू आहे, त्यात मी पडत नाही. यंत्राच्या बाजूनं मात्र दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. हवा एकच, बोलणारे अनेक, म्हणून रांग लागते. आणि जवळचा मोठा आवाज लांबच्या बारीक आवाजाला दाबून टाकतो. वाय-फायसुद्धा असंच चालतं. एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलतो, बाकीचे थांबतात. त्यातला एखादा फोन कोपऱ्यात, भिंतीआड, हळू वेगानं बोलत असेल तर तो सगळ्यांचा वेळ खातो. म्हणून खोक्यावर लिहिलेलं २५६ डिव्हाइस हे वाचून भुलू नका. ते जोडले जातील, बोलू शकतील असं नाही. लोक खरोखर वापरत असतील तर एका ॲक्सेस पॉइंटमागं तीस ते पन्नास जण धरून चालायचं, हा या कामातल्या लोकांचा ठोकताळा आहे. मामांच्या लग्नात पाचशे पानं उठली होती.

वीस वर्षांनी सुचलेलं

टायटॅनिकच्याच वर्षी मार्कोनीच्या शेअर्सवरून ब्रिटिश मंत्र्यांचा घोटाळा गाजला, आणि इटलीत मोटारीच्या अपघातात त्याचा उजवा डोळा गेला. मग पहिलं महायुद्ध. एवढी वर्षं त्याची कंपनी आणि सगळं जग एकाच दिशेनं धावत होतं. लांब जायचं तर लहर लांब करा, पॉवर वाढवा, खांब उंच करा. या धावण्याचं टोक म्हणजे ब्रिटिश पोस्ट खात्याचं रग्बीचं केंद्र, १९२६ चं. अडीचशे मीटर उंचीचे बारा खांब आणि शेकडो किलोवॅट.

मार्कोनी तोवर दुसरीकडं वळला होता. युद्धाच्या काळात तो आणि त्याचा इंजिनियर फ्रँकलिन यांनी छोट्या लहरी पुन्हा हातात घेतल्या, ज्या त्यानं तरुणपणी सोडून दिल्या होत्या. १९१९ मध्ये एलेट्रा नावाची बोट घेतली आणि तिची प्रयोगशाळा केली. १९२३-२४ मध्ये समुद्रात हिंडत मोजमापं घेतली, तेव्हा कळलं, की छोटी लहर नीट दिशा देऊन सोडली तर थोड्या पॉवरवर निम्मं जग पार करते, तेही दिवसा. वरच्या वातावरणातल्या थरावरून ती परावर्तित होते. त्यानं ब्रिटिश सरकारपुढं पैज लावल्यासारखा प्रस्ताव ठेवला. महाकाय केंद्रांऐवजी बीम, म्हणजे टॉर्चसारखा एका दिशेचा झोत. पॉवर साधारण २० किलोवॅट. मिनिटाला १०० शब्द गेले नाहीत तर सरकारनं पैसे देऊ नयेत.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि भारत, असे चार बीम १९२६-२७ मध्ये सुरू झाले आणि सगळे चालले. भारताचा ट्रान्समीटर पुण्याजवळ खडकीला, रिसीव्हर दौंडला. दोन्ही एका जागी का नाहीत? कॅलिफोर्नियनचा किस्सा आठवा. शेजारीच ओरडणारा ट्रान्समीटर असेल तर सातासमुद्रापलीकडचा बारीक आवाज कसा ऐकू येणार? म्हणून बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात सत्तर-ऐंशी किलोमीटर ठेवले. इंग्लंडकडून भारतासाठी दोन लहरी होत्या, १६ मीटरच्या आसपासची दिवसा आणि ३४ मीटरच्या आसपासची रात्री. आपल्या ड्युअल बँडचे हे आजोबा. आणि या बिनतारी केंद्रांपासून मुंबईच्या ऑफिसपर्यंत काय होतं? साधी जमिनीवरची तार. लंडनहून हवेतून दौंड, दौंडहून तारेनं मुंबई.

मोठ्या पॉवरपेक्षा दिशा आणि जागा, एकमेकांना न दाबणारी केंद्रं, आणि पाठीमागं पक्की वायर. मामांना मी सांगितलं ते एवढंच.

मग घ्यायचं काय?

आधी शब्द साफ करू. इंटरनेट कंपनी देते त्या डब्यात राउटर आणि ॲक्सेस पॉइंट दोन्ही असतात. राउटर म्हणजे ट्रॅफिक पोलिस, ॲक्सेस पॉइंट म्हणजे फक्त हवेतलं बोलणं. धंदा वाढला की हे दोन वेगळे करायचे. राउटर एकच राहतो, ॲक्सेस पॉइंट हवे तेवढे वाढवता येतात.

एका गाळ्याचं दुकान, छोटं क्लिनिक, सलून: कंपनीचा डबा पुरतो. जागा बदला, पासवर्ड बदला, गेस्ट नेटवर्क चालू करा. माळ्यावर गोडाऊन असेल तर तिथं वायरनं एक साधा ॲक्सेस पॉइंट. बिनतारी एक्स्टेंडर शक्यतो नको, कारण तोच रेडिओ ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, वेग निम्म्यावर येतो.

मंगल कार्यालय, शिर्डीतला पंचवीस खोल्यांचा लॉज, क्लासेस, छोटं हॉस्पिटल ही मधली पायरी, आणि सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. इथं एका मोठ्याऐवजी तीन-चार मध्यम ॲक्सेस पॉइंट लागतात, छताला लावायचे. प्रत्येकापर्यंत कॅट-६ केबल, आणि पीओई स्विच घ्यायचा म्हणजे त्याच केबलमधून वीजही जाते, छतात बोर्ड लागत नाही. टीपी-लिंकचं ओमाडा, युबिक्विटीचं युनिफाय, अरुबाचं इन्स्टंट ऑन हे प्रकार याच आकाराच्या धंद्यांसाठी आहेत. सगळे ॲक्सेस पॉइंट एका ॲपमधून बघता येतात, नाव एकच राहतं, आणि माणूस चालत गेला की फोन जवळच्याकडं सरकतो. लावल्यावर पहिलं काम म्हणजे पॉवर कमी करणं. हो, कमी. जास्त ठेवली तर फोन लांबच्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून बसतो, सोडत नाही, आणि परत तेच सिग्नल हिल.

एमआयडीसीतला कारखाना, साखर कारखाना, इंजिनियरिंग कॉलेज यांचं गणित वेगळं. पत्र्याचे शेड आणि लोखंडी मशिनं लहरी इकडून तिकडं उडवतात, म्हणून आधी माणूस येऊन मोजमाप करतो, त्यालाच साइट सर्व्हे म्हणतात. प्रत्येक कर्मचाऱ्याचं वेगळं लॉगिन लागतं, म्हणजे एकानं नोकरी सोडली तर सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागत नाही. वजनकाट्यावरचं किंवा गोडाऊनमधलं हातातलं स्कॅनर चालता चालता तुटता कामा नये. सिस्को, अरुबा, रकस यांची मोठी मशिनं इथं पैसे वसूल करतात. त्यांच्या किमतीतला मोठा हिस्सा या देखरेखीचा असतो. रेंज जास्त म्हणून ती महाग आहेत, असा समज असेल तर तो काढून टाका.

शेवटची वर्षं

मार्कोनीचं उत्तरायुष्य सांगायला तितकं सुखद नाही. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला. १९३० मध्ये इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला. ज्यू विद्वानांना त्या अकादमीत येऊ दिलं नाही, त्यात त्याचा हात होता असं पुढं कागदपत्रांतून बाहेर आलं. यंत्रावर प्रेम असलेली माणसं माणसांच्या बाबतीत शहाणी असतातच असं नाही.

काम मात्र थांबलं नव्हतं. व्हॅटिकनचा रेडिओ १९३१ मध्ये त्यानं उभारून दिला, आणि १९३३ मध्ये व्हॅटिकन ते कास्तेल गांदोल्फो, साधारण वीस किलोमीटर, असा मायक्रोवेव्ह फोनचा दुवा जोडला. लहर साठेक सेंटिमीटरची. आपलं २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय साडेबारा सेंटिमीटरचं, म्हणजे तो जवळच येऊन ठेपला होता. शेतातल्या बंगल्यापासून पोल्ट्रीच्या शेडपर्यंत आज आपण दोन छोट्या डिश समोरासमोर लावून नेट नेतो, ते या दुव्याचंच नातवंड.

२० जुलै १९३७ ला रोममध्ये हृदयविकारानं तो गेला, वय ६३. दुसऱ्या दिवशी जगभरातल्या रेडिओ केंद्रांनी काही क्षण प्रक्षेपण थांबवलं. बोसही त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं त्याच्या ट्यूनिंगच्या अमेरिकन पेटंटमधले मुख्य दावे रद्द केले, इतरांनी ते आधीच केलं होतं म्हणून.

खडकी-दौंडच्या बीममुळं केबल कंपन्यांचा धंदा इतका बसला, की त्यांना वायरलेसशी हातमिळवणी करावी लागली. भारतातली ही सेवा १९४७ मध्ये सरकारनं घेतली, ती ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस. १९८६ मध्ये तिचीच व्हीएसएनएल झाली, जिनं १९९५ मध्ये भारतातल्या सामान्य ग्राहकांना पहिल्यांदा इंटरनेट दिलं.

मामांनी मोठं मशीन घेतलं नाही. चार मध्यम ॲक्सेस पॉइंट घेतले. दोन हॉलच्या छताला, एक जेवणाच्या पंगतीकडं, एक वऱ्हाडाच्या खोल्यांच्या बोळात. पॉवर मधल्या पायरीवर, पाहुण्यांना फक्त ५ गिगाहर्ट्झ, ऑफिसचं नेटवर्क वेगळं. आणि स्टेजपाशी भिंतीत एक केबलचं सॉकेट काढलंय. व्हिडिओ कॉल लावायचा लॅपटॉप थेट त्यात खुपसायचा, हवेतून काही नाहीच. सहा अँटेनांचा कोळी ऑफिसच्या कपाटावर बसलाय. तुळशीचं लग्न झालं की तारखा सुरू होतील, आणि पहिल्याच तारखेच्या नवरदेवाचा काका कॅनडात आहे.